मुंबईची ३९ मिनिटे संगणकाच्या हिशेबात नाहीत

१ जानेवारी १९०६ रोजी हिंदुस्थानात ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढची प्रमाणवेळ लागू झाली. मुंबईला ती मानवली नाही. शहराची स्वतःची वेळ, म्हणजे बॉम्बे टाइम, ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे होती. नव्या वेळेच्या ३९ मिनिटे मागे. त्याच महिन्यात जेकब ससून गिरणीच्या कामगारांनी नव्या वेळेविरुद्ध निदर्शने केली. घड्याळ पुढे सरकले की पहाटेची पाळी तेवढीच आधी सुरू होणार, हे त्यांना कुणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. महापालिकेनेही जुनी वेळ सोडली नाही. स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे या शहरात दोन वेळा नांदत होत्या.

आता संगणकाकडे वळू. १ जानेवारी १९७० च्या ग्रिनिच मध्यरात्रीपासून किती सेकंद लोटले, ती संख्या म्हणजे टाइमस्टॅम्प. त्याआधीचे क्षण उणे संख्येत येतात. १५ ऑगस्ट १९४७ ची मध्यरात्र म्हणजे उणे ७०,६३,३९,८००. (जावास्क्रिप्ट मिलिसेकंद मोजते, म्हणून तिथे आणखी तीन शून्ये.)

पण जुन्या कागदावर सेकंद नसतात, ‘सकाळी १०’ असते. त्याचा टाइमस्टॅम्प काढायचा तर त्या दिवशी, त्या गावी घड्याळे ग्रिनिचच्या किती पुढे होती हे ठाऊक हवे. ही माहिती आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी १९८० च्या दशकात सुरू केलेल्या टाइमझोन डेटाबेसमधून येते. सर्व्हर, फोन, ब्राउझर सगळे त्याच्याच भरवशावर चालतात. त्यात भारताची नोंद एकच: ‘एशिया/कोलकाता’. काही ब्राउझर तर तिला अजून ‘कलकत्ता’च म्हणतात!

ही नोंद निष्काळजीपणे केलेली नाही. १९०६ पूर्वीच्या काही दशकांसाठी ती रेल्वे आणि तारखात्याची मद्रास वेळ धरते: ५ तास २१ मिनिटे १० सेकंद. १९४३ ची तारीख दिली की फरक साडेसहा तासांचा येतो. नवख्या प्रोग्रामरला तो दोष वाटतो. वस्तुतः महायुद्धात घड्याळे खरोखरच एक तास पुढे केलेली होती.

मग मुंबई का नाही? कारण डेटाबेसचा नियम असा की, ज्या प्रदेशांतील घड्याळे १९७० पासून एकसारखी चालली त्यांना वेगळी नोंद मिळत नाही. १९७० पर्यंत मुंबई प्रमाणवेळेत विरघळून गेली होती. नियम व्यवहाराला सोयीचा आहे. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र तो महागात पडतो.

समजा, मुंबईतल्या एखाद्या दप्तरात १० मार्च १९२०, सकाळी १० अशी नोंद आहे. ‘एशिया/कोलकाता’ वापरणारा कोड ती ग्रिनिचच्या ४:३० ला नेऊन ठेवील. दप्तर बॉम्बे टाइमवर चालत असेल, तर खरा क्षण ५:०९ चा. त्याच दिवशी सकाळी १०:१५ ला, प्रमाणवेळेनुसार, पुण्याहून निघालेली तार आपल्या तक्त्यात या नोंदीनंतर दिसेल. प्रत्यक्षात ती २४ मिनिटे आधीची. कारण आणि परिणाम यांची अदलाबदल व्हायला एवढे पुरेसे आहे. कोड कुठेही अडखळत नाही, त्रुटीचा संदेशही येत नाही.

म्हणून अशा नोंदींचे डिजिटायझेशन करताना मूळ मजकूर जसाच्या तसा एका रकान्यात ठेवावा, घड्याळ कोणते ते दुसऱ्यात लिहावे आणि बॉम्बे टाइम असल्यास ४:५१ चा फरक हाताने द्यावा. कागदावर घड्याळाचा उल्लेखच नसेल, तर तो दुसरा रकाना रिकामा ठेवावा आणि टाइमस्टॅम्प काढूच नये.