श्वास, वॅट आणि साडेसहा हजार रुपये

(बी. कॉम., द्वितीय वर्ष)

माउथ ऑर्गन हे वाद्य आहे की खेळणं, यावर आमच्या घरात अजून एकमत झालेलं नाही. वडिलांच्या मते ते खेळणं, आईच्या मते तोंडाचा चाळा, आणि अज्जीचं म्हणणं एवढंच की ते जे काही असेल ते दुपारच्या वेळी बंद असावं. अशा घरात मी एके दिवशी जाहीर केलं की मला माउथ ऑर्गनसाठी ऍम्प्लिफायर घ्यायचा आहे. म्हणजे आधीच नको असलेला आवाज आणखी मोठा करायचा आहे! सगळे गप्प झाले. शेवटी अज्जीच बोलली, "हासिगे इद्दष्टु कालु चाचु." मराठीत सांगायचं तर, अंथरूण पाहून पाय पसर. आमच्या घरात आई मराठी, वडील कन्नड, त्यामुळे एकच उपदेश दोन भाषांत ऐकण्याचं भाग्य मला लहानपणापासून लाभलेलं आहे.

माझं अंथरूण साडेसहा हजार रुपयांचं होतं. एका कापड दुकानदाराच्या वह्या आठ महिने लिहून मी ते जमवलं होतं, आणि जानेवारीतल्या स्नेहसंमेलनात मला 'ब्लूज' वाजवायचं होतं.

वाचकांपैकी बहुतेकांना माउथ ऑर्गन म्हटलं की 'शोले'च आठवेल. १९७५ च्या त्या चित्रपटात पडद्यावर अमिताभ असले तरी प्रत्यक्ष वाजवणारे होते भानू गुप्ता. आणि ते 'रामगढ' आपल्याच कर्नाटकातल्या रामनगरचं, हे कन्नड विभागाच्या वाचकांना सांगायला नकोच. त्याआधी १९५८ च्या 'सोलवाँ साल'मधला माउथ ऑर्गन राहुल देव बर्मन यांनी वाजवला होता. पण ब्लूजचा माउथ ऑर्गन जरा वेगळा. लहान, दहा भोकांचा. प्रत्येक भोकात फुंकण्याचं एक आणि ओढण्याचं एक अशी वीस पितळी पाती. श्वास आत ओढताना जिभेची ठेवण बदलली की काही सूर खाली वाकतात. ही आपल्याकडची मींडच म्हणा ना! पेटीतही अशीच पाती असतात, पण पेटीला मींड येत नाही. १९४० पासून १९७१ पर्यंत पेटी आकाशवाणीवर बंद होती, त्यामागे ही एक तक्रार होतीच. तिच्या या धाकट्या भावंडाला मात्र मींड येते, याचा मला उगीचच अभिमान वाटतो.

शिकागोत लिटल वॉल्टर नावाचा एक वादक होऊन गेला. त्याने साधा माइक माउथ ऑर्गनसकट दोन्ही हातांच्या ओंजळीत घट्ट धरला आणि त्याची वायर ऍम्प्लिफायरला जोडली. चिमुकल्या वाद्यातून एकदम सॅक्सोफोनसारखा जाड, किंचित फाटलेला आवाज येऊ लागला. १९५२ साली त्याची 'ज्यूक' ही तबकडी अमेरिकेतल्या रिदम अँड ब्लूजच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेली. तिच्यात गाणं नाही, नुसता माउथ ऑर्गन. ती ऐकल्यापासून माझी झोप उडाली होती.

पण मला ही फुंकर पहिल्यांदा शिकवली ती कुणा अमेरिकनाने नव्हे, तर माझ्या राऊच्या मामांनी. राऊ हे माझं आजोळ. इंदूरहून महूकडे जाताना पंधरा-एक किलोमीटरवर लागतं. पिथमपूरच्या एका कारखान्यात मामांची सगळी नोकरी गेली. गावाजवळच्या टेकडीवर आय.आय.एम. आहे, आणि "बेटा, कॉमर्सवाल्यांची काशी ती!" असं तिच्याकडे बोट दाखवून म्हटल्याशिवाय मामांची एकही संध्याकाळ जात नाही. त्यांच्या मराठीत हिंदी इतकी सहज मिसळते की मला त्यात कधी खडा लागला नाही; माझ्या मराठीत कन्नड मिसळते, त्याचाही त्यांना लागत नाही. लहानपणी दर सुटीत ते मला ओट्यावर बसवून त्यांचा चोवीस भोकांचा माउथ ऑर्गन शिकवत. गणेशोत्सवात ते माइकशिवाय वाजवत आणि मांडवाच्या शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जात असे.

तीन वर्षांपूर्वी मामांना मोठं आजारपण आलं. ते बरे झाले, पण छातीत पूर्वीचा दम राहिला नाही. माउथ ऑर्गन कपाटात गेला. मामी म्हणाली, "एक-दोनदा काढला होता. स्वयंपाकघरापर्यंतसुद्धा आवाज येत नव्हता. मग त्यांनी ठेवून दिला तो दिलाच."

दिवाळीच्या सुटीत मी राऊला गेलो ते मात्र मामांसाठी नव्हे, इंदूरच्या बाजारासाठी. हे लिहायला संकोच वाटतो, पण खरं तेच लिहितो.

जाताना मी एक तक्ता करून नेला होता. वाणिज्य शाखेचा विद्यार्थी दुसरं काय करणार? पहिल्या रकान्यात किंमत, दुसऱ्यात वॅट, तिसऱ्यात दर वॅटला पडणारे रुपये. नवा पन्नास वॅटचा गिटार ऍम्प्लिफायर ६,४०० रुपये, म्हणजे वॅटला १२८ रुपये. जुना वीस वॅटचा ३,९०० रुपये, म्हणजे वॅटला १९५. हिशेब स्पष्ट होता. मामांनी तक्ता पाहिला आणि विचारलं, "आणि यात आवाज कुठल्या रकान्यात आहे?" मी म्हटलं, "मामा, वॅट म्हणजेच आवाज!" त्यावर ते नुसते हसले.

त्यातच मामांच्या माळ्यावर आजोबांचा व्हॉल्व्हचा रेडिओ सापडला. मागच्या बाजूला ग्रामोफोन जोडायची दोन भोकं होती. लिटल वॉल्टरचा ऍम्प्लिफायरही व्हॉल्व्हचाच. मला वाटलं, लॉटरी लागली! इथे माइक जोडला की खर्च शून्य आणि आवाज अस्सल. रेडिओ पोत्यात घालून मी राऊतल्या एका म्हाताऱ्या मेकॅनिककडे गेलो. त्यांनी मागचा पुठ्ठा काढला, आत बघितलं आणि विचारलं, "भिया, इसका माइक होठों से लगाओगे?"

मी मान डोलावली.

मग त्यांनी मला जे समजावलं ते मी जन्मभर विसरणार नाही. जुन्या स्वस्त रेडिओंपैकी काहींत मेन ट्रान्सफॉर्मरच नसे. खर्च वाचवण्यासाठी घरातल्या विजेची एक तार सरळ रेडिओच्या लोखंडी सांगाड्यालाच जोडलेली असे. प्लग उलटा बसला की तो सांगाडा म्हणजे जिवंत २३० व्होल्ट. लाकडी खोक्यात तो झाकलेला असतो आणि बटणं बॅकेलाइटची, म्हणून ऐकणाऱ्याला काही होत नाही. ग्रामोफोनच्या भोकांआड संरक्षणासाठी कपॅसिटर बसवलेले असत, पण इतक्या वर्षांनी त्यांचा भरवसा काय? त्यात बिघाड झाला की तीच वीज वायरीतून धातूच्या माइकमध्ये येणार आणि ओल्या ओठांना लागणार. "मुफ्त का सबसे महँगा पड़ता है," म्हणत त्यांनी पुठ्ठा पुन्हा लावून दिला. पैसे घेतले नाहीत. मी पोतं उचललं तेव्हा माझे हात थरथरत होते. माझ्या तक्त्यात या गोष्टीसाठीही रकाना नव्हता.

दुसऱ्या दिवशी मामा आणि मी इंदूरला महाराणी रोडच्या बाजारात गेलो. येण्याआधी त्याच मेकॅनिकबाबांनी दोन गोष्टी पढवल्या होत्या. पहिली वॅटची. वॅट दुप्पट केले तर आवाज दुप्पट होत नाही. जेमतेम तीन डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट वाटायला वॅट सुमारे दहापट लागतात. तेव्हा वीस आणि पन्नास वॅटमधला फरक माझ्या तक्त्यात मोठा, कानाला थोडाच. दुसरी गोष्ट शिट्टीची. माइकचा आवाज स्पीकरमधून निघून पुन्हा माइकमध्ये शिरला की कान फाडणारी शिट्टी सुरू होते. माउथ ऑर्गनवाल्याचा खरा शत्रू ती. माइक ओंजळीत झाकला की आवाज जाड होतो, पण माइक सगळ्या दिशांचं ऐकू लागतो आणि शिट्टी आणखी लवकर येते. पन्नास वॅटचा ऍम्प्लिफायर शिट्टीमुळे अर्ध्यावरच ठेवावा लागणार असेल, तर उरलेल्या वॅटचे पैसे म्हणजे न वापरलेल्या गोदामाचं भाडं!

दुकानदाराने पन्नास वॅटचा ऍम्प्लिफायर गिटार वाजवून दाखवला. फार छान वाजला. मग मी खिशातून माझा माउथ ऑर्गन काढला आणि माइक जोडून फुंकलो. तिखट, पत्र्यासारखा आवाज. आणि बटण जरा पुढे नेताच अशी शिट्टी की समोरच्या दुकानातले लोक बाहेर आले. गिटारचा ऍम्प्लिफायर गिटारसाठी बनवलेला असतो. तारांचा आवाज उठून दिसावा म्हणून त्याचे वरचे सूर धारदार केलेले असतात; माउथ ऑर्गनला नेमकी तीच धार नको असते. तिथे मी शिकलो की ऍम्प्लिफायर डोळ्यांनी किंवा कागदावर घेऊ नये. आपलं वाद्य आणि आपला माइक घेऊन जावं, धार कमी करावी, खर्ज वाढवावा, स्पीकरच्या समोर न राहता बाजूला उभं राहावं, आणि शिट्टी येईपर्यंत आवाज किती चढतो ते पाहावं.

पुढे एका दुकानात मागच्या फळीवर तो जुना वीस वॅटचा होता. आठ इंची स्पीकर, एक कोपरा खरचटलेला. धार पूर्ण उतरवली आणि आवाज पाऊणपर्यंत नेला तरी शिट्टी नाही. फक्त आवाज दुबळा येत होता. त्याचं कारणही कळलं: सभेचा माइक कमी इम्पीडन्सचा, गिटारचं भोक जास्त इम्पीडन्सचं, दोघांची भाषा जुळत नाही. मध्ये बोटाएवढा ट्रान्सफॉर्मर घातला की जुळते. म्हणजे आमच्या घरात मी जे काम करतो ते!

हिशेब असा झाला: ऍम्प्लिफायर ३,९००, माइक १,१५०, ट्रान्सफॉर्मर ४००, वायर २५०. एकूण ५,७००. शिल्लक ८००. अज्जीच्या अंथरुणात पाय मावले.

रात्री राऊच्या ओट्यावर मी जोर लावून वाजवत होतो. मामा बराच वेळ ऐकत होते. मग म्हणाले, "इतका जोर कशाला लावतोस? जोर तर त्या डब्याने लावायचा आहे ना?" मी चमकलो. हळू फुंकून पाहिलं. आवाज मोठा राहिला आणि जास्त गोल झाला. मींड, जी जोराने तुटत होती, ती आता सरळ उतरली. दोन वर्षांत मला जे कुणी सांगितलं नव्हतं ते, ज्याच्याजवळ जोर उरला नाही अशा माणसाने सांगितलं.

मी माइक त्यांच्यापुढे धरला. ते नको नको म्हणाले. मामी आतून म्हणाली, "वाजवा की, मुलगा एवढं म्हणतोय." कपाटातला चोवीस भोकांचा माउथ ऑर्गन आला. मामा फुंकले काय, नुसता श्वासच सोडला म्हणा. मध्ये थांबत, दम घेत, दोन-दोन, तीन-तीन सुरांचे तुकडे. पण प्रत्येक तुकडा ओट्यावरून रस्त्यापर्यंत गेला. शेजारचे काका गेटापाशी येऊन उभे राहिले. "अरे, किती दिवसांनी!"

मला त्या वेळी कुमार गंधर्वांची आठवण झाली. आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीचे, घरी कन्नड बोलणारे. क्षयाने आजारी होऊन १९४८ साली इथून जवळच्या देवासला आले आणि कित्येक वर्षं गाऊ शकले नाहीत. पुढे गायले ते उरलेल्या श्वासाने, लहान लहान तुकड्यांत. आणि तीच गायकी लोकांनी डोक्यावर घेतली. मामांची तुलना मी त्यांच्याशी करत नाही, मामाच मला ओरडतील. पण माळव्याच्या हवेत कमी श्वासाला कमी लेखत नाहीत, असं मला त्या रात्री वाटलं खरं.

परत निघताना मी ऍम्प्लिफायर उचलला नाही. मामांनी पैसे देऊ केले, मी घेतले नाहीत. थोडा वेळ भांडणही झालं. माइक आणि ट्रान्सफॉर्मरही तिथेच राहिले. खरं सांगायचं तर गाडीत बसल्यावर मला वाईट वाटलं, आठ महिन्यांच्या वह्या डोळ्यांपुढे आल्या. एवढा मोठा मी अजून झालेलो नाही.

स्नेहसंमेलनात मी आपल्या कॉलेजच्याच माइकवर वाजवलं. आधी जाऊन धार उतरवून घेतली, स्पीकरच्या मागे उभा राहिलो, माइक ओंजळीत घेतला आणि हळू फुंकलो. एकदा शिट्टी आली, आणि मागच्या बाकांवरून तिला माझ्यापेक्षा जास्त टाळ्या पडल्या. बाकी निभावलं.

आता प्रश्न उरतो तो हिशेबाचा. ५,७०० रुपयांची ही मालमत्ता माझ्या ताळेबंदात कुठे दाखवावी? देणगी म्हणवत नाही, नुकसान तर नाहीच. आमच्या सरांनी नुकतंच शाखांचं हिशेबलेखन शिकवलं आहे. मी तूर्त ती 'राऊ शाखा' या नावावर टाकली आहे. शाखेचा अहवाल मामीकडून दर रविवारी फोनवर येतो. गेल्या रविवारी ती सांगत होती की आवाज आता स्वयंपाकघरापर्यंत येतो, आणि दुपारी जरा बंद ठेवायला मीच मामांना सांगावं.