दाद

आमच्या वरच्या मजल्यावरील गृहस्थांना फुलझाडांचा भारी षोक. गेल्या पावसाळ्यात त्यांच्या कठड्यावरची एक कुंडी सुटली, ती खाली तुळशीला पाणी घालीत असलेल्या माझ्या आईच्या मनगटावरच आली. हाड मोडले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या नोकराने एक पाकीट आणून दिले. आत प्लॅस्टरचे पैसे होते. आईने ते तसेच परत पाठविले.

मी तडक माझ्या वकीलमित्राचे घर गाठले. तो म्हणाला, "याला अपकृत्य म्हणतात. आपल्याकडे याचा असा एक लेखी कायदा नाही. बहुतेक सारा निवाड्यांवर उभा आहे. तुला नुकसानभरपाई मागता येईल: औषधोपचाराचा खर्च आणि शिवाय आईंना झालेल्या वेदनांबद्दल. उरलेल्या कुंड्यांसाठी १९६३ च्या स्पेसिफिक रिलीफ ॲक्टाखाली मनाईहुकूम."

"आणि त्यांनी खाली येऊन दोन शब्द बोलावेत, यासाठी?"

"कलमे सगळी त्यांच्या कुंड्यांत! यासाठी कायद्यात कलम नाही," तो हसला. मग त्याने ॲशबीची गोष्ट सांगितली. इंग्लंडातल्या एल्सबरी गावी या ॲशबीला निवडणूक अधिकाऱ्याने मत देऊ दिले नाही. गंमत अशी, की त्याचा उमेदवार निवडून आलाच होता. म्हणजे तोटा कवडीचाही नाही! तरी १७०३ साली सरन्यायाधीश होल्ट म्हणाले, हक्क आहे तेथे उपाय असलाच पाहिजे. बरोबरचे न्यायाधीश विरुद्ध गेले. पण अखेर हाउस ऑफ लॉर्ड्सने होल्टसाहेबांचेच म्हणणे उचलून धरले.

घरी परतताना माझ्यातला मराठीचा मास्तर जागा झाला. कोर्टात आपण दाद मागतो आणि मैफलीत गवयाला दाद देतो. मूळ फारसीत दाद म्हणजे न्याय. गवई काय नि गाऱ्हाणे घेऊन आलेला काय, दोघांनाही समोरच्याने आपले ऐकले, एवढे कळायला हवे असते. ॲशबीला तरी दुसरे काय हवे होते?

मित्राची नोटीस गेली. चौथ्या दिवशी कठडा मोकळा झाला. पाठोपाठ पाकीटही पुन्हा आले. या खेपेला अधिक जाड, आणि रजिस्टर पोस्टाने.

आईने ते उघडलेसुद्धा नाही. प्लॅस्टरमधला हात मांडीवर ठेवीत ती एवढेच म्हणाली, "अरे, जिना तर सोळाच पायऱ्यांचा आहे!"