माळवदावरचा दादा

१९९३ साली आमच्या आळीत टीव्ही एकच, आमचा. ब्लॅक अँड व्हाइट. रविवारी सकाळी दूरदर्शनवर ‘जंगल बुक’ लागायचं. मालिका मूळची जपानची, पण मोगली आम्हाला खालच्या आळीतलाच वाटायचा. दारात, खिडकीत पोरांची ही दाटी. गुलजारांचं ते गाणं सुरू झालं, की नेमक्या पडद्यावर मुंग्या यायच्या आणि दादा माळवदावर चढायचा.

“आलं का रं?”

“आलं! धर तसाच!”

अँटेना सोडला की चित्र जायचं. म्हणून दादा संपेपर्यंत वरच उभा. आम्ही बघायचो, तो नुसतं ऐकायचा. शेरखान बोलला की वरून ओरडायचा, “नाना पाटेकर हाय त्यो!”

२०१६ साली ‘द जंगल बुक’ हा नवा सिनेमा आला. हिंदीत शेरखानचा आवाज पुन्हा नानांचाच. दादा तेव्हा पुण्याला माझ्याकडं आलेला. पोरांबरोबर त्यालाही थिएटरात नेलं. जंगल सगळं कॉम्प्युटरवर केलेलं, पण पान न् पान खरं वाटावं असं. पोरं डोळे फाडून बघत होती. शेरखान बोलायला लागला, तसं मी शेजारी पाहिलं. दादानं डोळे मिटले होते.

“झोप आली का रे दादा?”

“नाही रं. मला असंच बरोबर दिसतंय.”

त्या वेळी एका रविवारी तरी मी म्हणायला हवं होतं, “दादा, तू बस खाली. आज मी धरतो.”