रानाची वही: गोणीचा दोरा अन् लुगड्याचा काठ



पावसाच्या नोंदीचं पान इथं टाकलं की दरवेळी दोन-चार जण विचारतात, ही वही कुठून घेतली. घेतलेली नाही, घरी शिवलेली आहे. मृग जवळ आलाय, नांगरट-वखरणी उरकलीय, दुपारचं उन्हात काही होत नाही. आमच्याकडं हे दिवस वही शिवायचे. म्हणून यंदा सगळं सविस्तर लिहितो.

पहिली वही केली 2016 च्या उन्हाळ्यात. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं, तो उन्हाळा. विहिरीत काही नाही, रानात काही नाही, माणसानं बसून करायचं काय? घरात दुकानदारांनी फुकट दिलेल्या डायऱ्या पडल्या होत्या, बहुतेक कोऱ्याच. त्या कोऱ्या का राहतात याचा विचार केला तर कारण सोपं आहे. डायरी जानेवारीला सुरू होते अन् आपलं साल मृगाला. डायरीत रोजचं एक पान, पण पेरणीच्या दिवशी लिहायला चार पानं लागतात अन् मार्गशीर्षात आठ-आठ दिवस लिहायला काही नसतं. तारखेप्रमाणं लिहिलेलं पुन्हा सापडतही नाही. मला पाहिजे होती रानाप्रमाणं वही. विहिरीकडच्या रानाची पानं एका ठिकाणी, माळाची एका ठिकाणी, वढ्याकाठची एका ठिकाणी. अशी वही विकत मिळत नाही.

सामान सगळं घरातलं. पानं पोरांच्या वह्यांची. शाळा सुटली की निम्म्या वह्या मागून कोऱ्याच असतात. भिंतीवरच्या कालनिर्णयच्या पाठीवर मजकूर असतो, तो उपयोगाचा नाही. पण पतसंस्थेचं मोठं एकपानी कॅलेंडर असतं, त्याची पाठ कोरी करकरीत असते, रानाचा नकाशा काढायला त्याच्यासारखा कागद नाही. पुठ्ठा लग्नपत्रिकांचा. हल्लीच्या पत्रिका इतक्या जाड येतात की दोन चिकटवल्या की पाटीसारख्या होतात. गणपतीचं चित्र असलेली बाजू टाकवत नाही कुणालाच, ती आतून लावतो, वही उघडली की पहिलं दर्शन.

दोरा मात्र खताच्या गोणीचा. गोणीचं तोंड शिवलेला दोरा सगळ्यांना माहीत आहे. बरोबर बाजूचं टोक सापडलं तर सर्रकन एका ओढीत उसवतो, चुकीच्या बाजूनं ओढला तर विळा घ्यावा लागतो. हा दोरा आम्ही वर्षभर खुंटीला गुंडाळून ठेवतो. धुऊन वाळवायचा, मग मेणबत्तीवरून दोनदा ओढायचा, म्हणजे गुंता होत नाही अन् कागद कापत नाही. पाच-पाच पानांची घडी करायची, घडीच्या मधोमध दाभणानं पाच भोकं पाडायची अन् गोधडीसारखं शिवत जायचं. शिवायचं काम आमच्या मालकिणीकडं. मी शिवलेली वही दोन महिन्यांत पोट फाडून बसते, हे तिचं म्हणणं, अन् खरं आहे.

वरचं कव्हर दोन प्रकारचं करतो. रानात न्यायच्या वहीला युरियाच्या गोणीचं. पूर्वी 50 किलोची गोणी होती, 2018 पासून 45 ची झाली, कापड तेच. आधी दोन पाण्यात चांगलं धुवायचं. गोणीत राहिलेलं खत हवेतला ओलावा ओढतं अन् वही कायम दमट राहते. कापल्यावर कडा उसवतात, त्या तापलेल्या सुरीनं भाजून घ्यायच्या. आणि त्या कापडाला खळ लावत बसू नका, प्लॅस्टिकला खळ धरत नाही. शिवायचंच.

घरात राहणाऱ्या मोठ्या वहीला कापडी कव्हर. पहिल्या वहीला आईच्या इरकली लुगड्याचा काठ आहे. आई तेव्हा होती. “लुगडं फाडून वही करतात व्हय?” म्हणून हसली होती. नंतर तिनंच दुसरं जुनं लुगडं काढून दिलं.

कापडी कव्हरला चिंचोक्याची खळ. चिंचोके भाजून टरफल काढायचं, रात्रभर भिजवायचे, वाटायचे अन् मंद जाळावर शिजवायचे. घोंगडीला देतात तीच खळ. चिंचोके नसले तर मैदा. पण नुसत्या खळीला कसर लागते, झुरळं कुरतडतात. यावर जुने बाइंडर खळीत मोरचूद टाकत. बोर्डोसाठी आणलेलं मोरचूद बागवाल्यांच्या घरात असतंच. चिमूटभर मोरचूद प्लॅस्टिकच्या वाटीत वेगळं विरघळवायचं, धातूच्या भांड्यात नको, अन् खळ उतरवल्यावर घालायचं. ही खळ फक्त कव्हरला. आतल्या पानांना अजिबात लावू नका. आपल्या लोकांना बोट जिभेला लावून पान उलटायची सवय असते, अन् मोरचूद हे विष आहे.

कव्हरवर साल लिहितो बिब्ब्यानं. धोबी कपड्यावर खूण करायचे तसं. बिब्ब्याला सुई टोचून जो रस येतो त्यानं आकडे काढायचे अन् वरून चुन्याचं बोट फिरवायचं. काळेभोर आकडे, धुऊनसुद्धा जात नाहीत. बिब्बा अंगावर उततो, म्हणून हात लांब ठेवा अन् पोरांना जवळ येऊ देऊ नका.

आता सजावट. एक कृषी सहायक घरी आले होते, वही बघून म्हणाले, काका एवढी रंगरंगोटी कशाला, नोंद महत्त्वाची. त्यांना म्हटलं, साहेब, नीट बघा, रंगरंगोटी हीच नोंद आहे.

प्रत्येक रानाच्या पहिल्या पानावर त्याच रानाची माती सारवलेली आहे. पाण्यात कालवून, किंचित साधी खळ टाकून, बोटानं. विहिरीकडची काळी कुळकुळीत. माळाची तांबूस, हाताला खर लागते. वढ्याकाठच्या एका तुकड्याची वाळल्यावर राखाडी पडून तडकते, तिथं चोपणाकडं कल आहे. हे माती परीक्षणाच्या जागी नाही. पण तीन पानं शेजारी ठेवली की नातवालासुद्धा कळतं की तिन्ही रानांना एकच खत एकाच मापानं कसं चालेल.

पावसाचं पान आलेखाच्या कागदावर. पोरीच्या प्रयोगवहीतले उरलेले कागद. सरळ कडांचा, तोंड-बूड सारखा असलेला डबा उघड्यावर ठेवतो अन् सकाळी साडेआठला पट्टीनं पाणी मोजतो. हवामान खात्याचीही वेळ तीच. डब्यात 12 मिलिमीटर पाणी असलं तर कागदावर 12 मिलिमीटर उंच पट्टी, कपड्याच्या निळीनं रंगवलेली. पाऊस जसा पडला तसाच कागदावर, मापात काही बदल नाही. उघडीप असली की कागद पांढरा राहतो. 2023 च्या ऑगस्टचं पान काढून बघा, जवळजवळ कोरं. सोयाबीन फुला-शेंगात होतं तेव्हा. उतारा का पडला हे कुणाला समजावून सांगायची गरज नाही, पान समोर धरलं की झालं.

उगवणीचं पान मालकीण करते. घरच्या सोयाबीनचे सरसकट 100 दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतो. ती वहीत रांगोळीसारखे दहा बाय दहा ठिपके मांडते. जेवढे दाणे नीट उगवले तेवढे ठिपके हळदीनं भरते, बाकीचे रिकामे. सत्तरच्या वर भरले तर एकरी 30 किलोचा हिशेब. खाली आले तर बियाणं वाढवायचं, फारच खाली असले तर ते पोतं विकायला काढायचं. हळद उन्हानं उडते, म्हणून हे पान आत शिवायचं.

फवारणीच्या नोंदीला समासात त्रिकोण. बाटलीवर जो रंग असतो तोच, लाल, पिवळा, निळा की हिरवा. लाल सगळ्यात जहाल, हिरवा सगळ्यात सौम्य. शेजारी औषधाचं नाव, बॅच नंबर, मात्रा अन् काढणीआधी किती दिवस थांबायचं ते. वर्षाअखेरी पानं फरफर उलटली की समास किती लाल झालाय ते दिसतं. पण औषधाचा खोका, पुडी, बाटलीचं लेबल यातलं काहीही वहीत चिकटवायचं नाही. टाकाऊतून टिकाऊ करायचं ते यातून नाही. हातानं लिहून घ्यायचं अन् रिकामी बाटली भोक पाडून बाजूला.

बियाण्याचं मात्र उलट. पिशवीचं लेबल कापून पानाला शिवतोच. प्रमाणित बियाण्याचं निळं, पायाभूतचं पांढरं. दिसायलाही बरं दिसतं. पिशवीला आतून बीजप्रक्रियेची भुकटी असते, म्हणून पिशवी वहीत नाही, वेगळी टांगून ठेवतो, तळाला मूठभर बियाणं ठेवून. पावती लग्नपत्रिकेच्या पाकिटात, ते पाकीट वहीच्या शेवटच्या पुठ्ठ्याला शिवलेलं.

याचा उपयोग 2020 ला झाला. त्या खरिपात सोयाबीन उगवलं नाही म्हणून राज्यभर बोंब होती. आदल्या दिवाळीत काढणीच्या वेळी झालेल्या पावसानं बियाणंच भिजलं होतं. आमच्या गावात एकाच दुकानातून, एकाच लॉटच्या पिशव्या मी अन् बांधाला बांध असलेल्या दोघांनी नेल्या होत्या. कंपनीचं अन् दुकानाचं नाव इथं लिहीत नाही. तिघांचीही रानं टकली राहिली. तक्रार केली, तालुक्याची समिती पंचनाम्याला आली. त्यांनी मागितलं काय? पावती, लेबल, पिशवी, शिल्लक बियाणं. मी वही उघडून पुढं ठेवली. लेबल शिवलेलं, लॉट नंबर स्वच्छ, पेरणीची तारीख, आदल्या दिवसाचा पाऊस मिलिमीटरमध्ये, अन् दहा ओळींत प्रत्येकी एक मीटर मोजलेली रोपं. साहेबांनी पानाचा फोटो काढला. शेजारच्या एकाची पावती सापडली, त्याचंही काम झालं. दुसऱ्याच्या बायकोनं पिशव्या उसवून पावसासाठी खोळ शिवली होती. त्यात तिची काय चूक, पोतं हे त्यासाठीच असतं आपल्याकडं. लेबल चिखलात गेलं. आम्हा दोघांना बदली बियाणं मिळालं, त्याला ते पण नाही. आम्हालाही काही सगळी भरपाई झाली नाही. दुबार पेरणीचं डिझेल, मजुरी अन् उशिरामुळं घटलेला उतारा कुणी दिला नाही. पण त्याच्या घरी त्या साली उसनवारीवर पेरणी झाली, हा फरक मी बघितलाय. तो आता दरवर्षी मालकिणीकडं वही शिवायला कागद आणून देतो.

आणखी एक पान दाखवण्यासारखं आहे. रोग-किडीचे नमुने आम्ही वाळवून शिवतो. पान किंवा खोडाचा तुकडा वर्तमानपत्रात ठेवायचा, वर पाटा ठेवायचा, तीन-चार दिवस रोज कागद बदलायचा. चक्रीभुंग्यानं पाडलेल्या दोन गोल खाचा वाळल्यावरही तशाच दिसतात. पिवळ्या मोझॅकचं पान तर नक्षीसारखं दिसतं, बघणारा आधी छान म्हणतो अन् मग गप्प होतो. मोबाइलमध्ये फोटो असतात, पण मोबाइल बदलला की ते कुठं जातात ते पोरांनाच माहीत.

तर वढ्याकाठच्या रानाच्या पानांवर लागोपाठ तीन साली वाळक्या तुरीच्या खोडाचा तुकडा शिवलेला निघाला. साल सोललेली, आत काळसर रेघ. मर. तिन्ही वेळा नकाशावर फुली एकाच कोपऱ्यात. त्या-त्या साली बघताना पाच-पंचवीस झाडांचं कुणाला काही वाटलं नव्हतं, पाणी साचलं असेल म्हणून सोडलं होतं. तीन पानं शेजारी आली तेव्हा दिसलं की फुलीचा घेर दरसाल वाढतोय. या बुरशीचं घर मातीतच, जुन्या धसकटात ती वर्षानुवर्षं राहते. त्या कोपऱ्यात धसकटं वेचून काही साल ज्वारी घेतली, नंतर बदनापूरची बीएसएमआर 736 लावली. मर गेली म्हणणार नाही. गेल्या साली त्या कोपऱ्यात सात झाडं गेली, सातही नकाशावर आहेत.

यंदाच्या वहीचं कव्हर पोराच्या जुन्या शाळेच्या शर्टाचं आहे. खिसा तसाच ठेवलाय, पेनाला. पानं शिवून झालीत, खळ लावलीय, वही आत्ता पाट्याखाली आहे. परवा काढली की पहिल्या पानावर माती सारवायची. माळाच्या रानात अजून ढेकळं आहेत, तिथली माती फोडून चाळून घ्यावी लागेल.