सासर सातासमुद्रांपार

कॅनडात पतीकडे जावयास निघालेल्या कन्या विवाहाचा दाखला मागावयास आमच्याकडे येतात. घरोघरी त्यांच्यासाठी लोकरीचे कपडे, मसाले, लोणची यांची बांधाबांध चाललेली असते. पोलिसांचा दाखला, वैद्यकीय तपासणी, तेही यथासांग होते. एक गोष्ट मात्र मुलीला कोणी सांगत नाही, म्हणून ती आम्ही सांगतो.

पती स्पॉन्सर म्हणून जी हमी लिहून देतो, ती पत्नीच्या पोषणाची असते. तिच्यावरील मालकीची नव्हे. ती कायमची रहिवासी झाल्यापासून ३ वर्षे ही हमी चालते. मध्येच संसार मोडला, तरी पतीची तीतून सुटका नाही.

२०१२ साली त्या सरकारने बहुतेक नव्या जोडप्यांवर २ वर्षे एकत्र राहण्याची अट घातली होती. ती मोडली तर वास्तव्याचा हक्क जाईल, या भयाने स्त्रिया छळ सोशीत राहतील, हे ओळखून २०१७ च्या एप्रिलात ती अट उठविण्यात आली. आता, विवाह खरा असेल तर, मिळालेला हक्क पतीच्या रागालोभाने जात नाही.

तेव्हा आईबापहो, पासपोर्ट मुलीच्याच हाती राहू द्या. कागदांच्या नकला माहेरी ठेवा. तिला थोडे इंग्रजी बोलते करा, आणि संकटसमयी फिरवावयाचा ९११ हा आकडा पाठ करवून घ्या. चांगल्या जावयास याचा राग येण्याचे कारण नाही. निर्भय पत्नीचा विश्वासच संसारात खरा टिकतो.