टाळांमागचा आवाज

आबा गावच्या भजनी मंडळात गातात. गेल्या कार्तिकी एकादशीचं त्यांचं भजन मी फोनवर रेकॉर्ड केलं. पुण्यात येऊन हेडफोन लावले, तर नुसते टाळ. फोन आवाजाची पातळी स्वतःच कमी-जास्त करतो. टाळ वाजले की तो सगळंच दाबतो, त्यात आबाही बुडाले.

आबांचं वय ७८. म्हणून यंदा रेकॉर्डर घ्यायचं ठरवलं. इंजिनिअरची खोड, लगेच एक्सेल शीट उघडली. १९२ किलोहर्ट्झचा मोह झाला. पण माणसाचा कान साधारण २० किलोहर्ट्झपर्यंतच ऐकतो, तिथे ४८ पुरतात. ३२ बिट फ्लोटवर मात्र अडून राहिलो. त्यात गेनचा अंदाज चुकला तरी आवाज नंतर सावरता येतो. शिवाय पेन्सिल सेलवर चालणारा हवा, कारण देवळात लाइटचा भरवसा नाही.

सगळ्यात महत्त्वाचा रकाना शीटमध्ये नव्हताच: माइक ठेवायचा कुठे? मी तो आबांच्या तोंडापासून दोन फुटांवर ठेवला.

"माझ्या एकट्याजवळ कशाला? भजन सगळ्यांचं असतं," आबा म्हणाले.

नाइलाजानं माइक मागे, रिंगणाच्या मध्यावर नेला.

रात्री ऐकलं. डावीकडे पखवाज, उजवीकडे टाळ, मधे आबा. ओळीच्या शेवटी त्यांचा दम संपतो, आणि नेमक्या त्याच क्षणी टाळकरी ती ओळ अलगद उचलून घेतात. इतकी वर्षं समोर बसूनही हे मला ऐकू आलं नव्हतं. दोन फुटांवरच्या माइकलाही आलं नसतं.