आधी कोणतं कार्ड?

माझ्या टेबलाच्या खणात दोन कार्डं असतात. एकावर रंगीत चौकोन. दुसऱ्यावर रंगांची नावं, पण ‘लाल’ हिरव्या शाईत, ‘निळा’ लाल शाईत. प्रयुक्तानं, म्हणजे प्रयोगात भाग घेणाऱ्यानं, शब्द वाचायचा नाही, शाईचा रंग सांगायचा. जीभ अडखळते, कारण वाचता येणाऱ्याला न वाचणं जमत नाही.

जॉन रिडली स्ट्रूप यांनी १९३५ साली हा प्रयोग प्रसिद्ध केला. शंभर विद्यार्थ्यांना शंभर चौकोनांचे रंग सांगायला सरासरी ६३.३ सेकंद लागले, विरोधी शब्दांच्या शाईचे रंग सांगायला ११०.३. हे आकडे सगळे पाठ करतात. मला त्यामागची व्यवस्था जास्त प्रिय आहे: निम्म्यांना कार्डं एका क्रमानं, निम्म्यांना उलट.

एम.ए.ला असताना मी वीसही जणांना आधी सोपं कार्ड दिलं, मग अवघड. आकडे देखणे आले. तोंडी परीक्षेत बाईंनी विचारलं, “दुसरं कार्ड अवघड होतं म्हणून वेळ लागला, की ते दुसरं होतं म्हणून?” सराव, थकवा, कंटाळा, सगळं त्या फरकात कालवलं गेलं होतं. वेगळं काढायला वाटच नव्हती. नवे वीस जण शोधले.

एकाच माणसाला दोन्ही कार्डं दिली की तो स्वतःशीच ताडला जातो; कोणी मुळात भरभर बोलतो, कोणी सावकाश, हा फरक वजा होतो. मात्र दुसऱ्या कार्डापाशी येणारा माणूस पहिल्यासारखा कोरा नसतो. स्ट्रूप यांनी काहींकडून आठ दिवस शाईचे रंग सांगण्याचा सराव करून घेतला, तर नंतर रंगीत शाईतले शब्द वाचतानाच ती मुलं अडखळू लागली!

मराठी कार्ड करताना आणखी एक अडचण आली. ‘तपकिरी’ छापलं, पण मुलं रंग पाहून ‘चॉकलेटी’ म्हणत. एकाला दोन नावं सुचली की वेळ त्यातच जातो. तो रंगच काढून टाकला.

यंदा एका विद्यार्थिनीला स्मरणाचा प्रयोग करायचाय: शब्दांची गोष्ट गुंफून पाठांतर, आणि नुसती घोकंपट्टी. “क्रम उलटवू ना, मॅडम?” तिनं विचारलं. गोष्ट गुंफायला एकदा शिकलेली मुलगी घोकताना ती युक्ती विसरेल का, असं मी विचारलं. ती बराच वेळ गप्प होती. मग वहीचं पान फाडून तिनं दोन वेगळ्या गटांसाठी चिठ्ठ्या करायला घेतल्या.